आपांचं चिन्ह शिलाई मशीन

मंडईच्या मागच्या अंगाला, एका तेलाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचा शिवणवर्ग होता. संस्था धर्मादाय, अनुदान महापालिकेचं, आणि उजेड फक्त पूर्वेच्या खिडक्यांतून, तोही जेवणाच्या सुट्टीपर्यंत. मी तिथे बायकांना शिवण शिकवायची. मागच्या वर्षी निवृत्त झाले. घरी आता मोटार बसवलेलं चांगलं मशीन आहे, पण एकटीनं शिवायला बसलं की चुकल्याचुकल्यासारखं होतं. वर्गात सगळी पायमशिनं एकदम चालू झाली की जमीन थरथरायची. खालचा तेलवाला तक्रार करायला वर यायचा आणि आपा त्याला विचारायच्या, "तुमच्या तेलाचा वास आमच्या कापडाला लागतो, म्हणून आम्ही कधी खाली आलो का?" तो निमूटपणे परत जायचा. पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा.

आपा म्हणजे माझ्या सहशिक्षिका. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, वडिलांचं शेरवान्या शिवायचं दुकान होतं. मराठी माझ्यापेक्षा धारदार. त्या कापड बेतायला शिकवायच्या आणि मी शिवायला. "आपा कापतात आणि बाई जोडतात," असं वर्गातल्या बायका म्हणायच्या. आम्ही एकमेकींना अहो-जाहो करायचो आणि दिवसभर भांडायचो. भांडणाचा विषय बहुतेक वेळा एकच असे, तो म्हणजे माया. शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात त्याला आमच्यात माया म्हणतात. मला ती भरपूर लागे. ब्लाउज उद्या उसवून मोठा करायचा झाला तर कापड कुठून आणायचं? आपांना ती उधळपट्टी वाटे. "ताई, गिऱ्हाईक जाड होणारच, असं तुम्ही आधीच धरून चालता," त्या म्हणायच्या. "जरा आशा ठेवा." समोर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नव्यानं आलेल्या बाईला मात्र वाटायचं की आमचं दोघींचं खरंच फाटलंय. मग जुन्यांपैकी कुणीतरी तिची समजूत घालायची.

चार वाजता खालून चहा यायचा. तेव्हा आम्ही दोघी बेतायच्या टेबलाच्या कडेला टेकायचो, आणि भांडण तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायचो. त्या मला मंडईतल्या भाजीवाल्यांच्या नकला करून दाखवायच्या. मी त्यांना माझ्या सासूबाईंच्या. आयुष्यात मी इतकं हसले ते त्या टेबलापाशीच.

वर्गाला बाहेरची कामं घ्यायची मुभा होती. मजुरी बायकांना मिळायची. दिवाळीला परकर-पोलक्यांची, जूनमध्ये शाळेच्या गणवेशांची आणि निवडणूक आली की उपरण्यांची कामं असायची. सगळ्या पक्षांची उपरणी आमच्याकडे शिवली गेली. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांचे गठ्ठे आमच्या कोपऱ्यात एकावर एक पडलेले असायचे. एकदा एका पक्षाचा माणूस माल न्यायला आला आणि दुसऱ्याचा गठ्ठा बघून भडकला. "तुम्ही नक्की कुणाच्या?" त्यानं विचारलं. आपांनी सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, "ज्याची टीप सरळ हवी त्याच्या." तोही शेवटी हसला.

संस्थेचा एक नियम होता. अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या सेवकानं राजकीय प्रचार करायचा नाही, सभेला जायचं नाही, कुणाचं चिन्ह अंगावर, गाडीवर, दारावर लावायचं नाही. मोबाईल आल्यावर त्यात स्टेटसची भर पडली. आमचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. आवाज मऊ आणि स्वभाव भित्रा. दर निवडणुकीला ते वर येऊन नियम वाचून दाखवायचे आणि आमच्या सह्या घ्यायचे.

तो नियम वाईट होता असं मी कधीच म्हणणार नाही. एका वर्षी इथल्या एका पुढाऱ्यानं निरोप धाडला होता की सभेला गर्दी हवी, वर्गातल्या सगळ्या बायकांना पाठवा, बस येईल. अनुदानाची आठवणही जाता जाता करून दिली होती. तेव्हा आमच्या त्या भित्र्या सचिवांनी हाच नियम त्या माणसापुढे धरला. "आमच्या सेवाशर्तीत बसत नाही हो," इतकंच म्हणाले. बस रिकामी गेली. त्या दिवशी आपांनी स्वतः खाली जाऊन सचिवांसाठी स्पेशल चहा सांगितला होता. त्यामुळे पुढे त्याच नियमानं आम्हाला अडवलं तेव्हा मला कुणावर चिडावं ते कळेना.

झालं असं की आमच्या भागातलं पालिकेचं प्रसूतिगृह बंद झालं. दुरुस्तीसाठी म्हणून कुलूप लागलं ते लागलंच. वर्गातली एक पोरगी विदर्भातून आलेली, नवरा कारखान्यात, दिवस भरलेले. तिला रिक्षातून लांबच्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि वाटेतच बाळंत झाली. दोघं वाचली, नशीब. तिच्याबरोबर रिक्षात आपा होत्या. दुसऱ्या दिवशी त्या वर्गावर आल्या त्या सरळ बेतायच्या टेबलापाशी गेल्या. दिवसभर कापड कापत राहिल्या. मग अर्ज सुरू झाले. वॉर्ड ऑफिसच्या चकरा झाल्या, नगरसेवकाच्या कार्यालयात बसून राहणं झालं. प्रत्येक ठिकाणी "बघतो" हेच उत्तर मिळालं.

पुढची निवडणूक लागली आणि आमच्या भागातली एक जागा महिलांसाठी राखीव झाली. चहाच्या वेळी आपा म्हणाल्या, "ताई, मी उभी राहते." मला वाटलं, त्या टेबलापासून उठताहेत. मी बाजूला सरकले. "तशी नव्हे," त्या म्हणाल्या.

सचिवांनी रजा नाकारली. निवडणूक लढवायची तर राजीनामा द्यावा लागेल, आणि हरल्यावर परत घेता येणार नाही, कारण राजकारणात उतरलेल्या माणसाला अनुदानित जागेवर बसवलं तर उद्या चौकशी लागेल. त्यांनी हे हात जोडून सांगितलं. आपांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूध डेअरीत नोकरीला, कात्रजला राहायचा, केव्हापासून तिकडे बोलावत होता. आपांना जायचं नव्हतं. "कात्रजला लोक सर्पोद्यानातले साप बघायला जातात," त्या म्हणायच्या, "राहायला कोण जातं?" स्वतःची खोली, स्वतःचा पगार आणि ही गल्ली, त्यांचं सगळं इथे होतं. जिंकल्या तर प्रसूतिगृहाचं कुलूप निघायची शक्यता होती. हरल्या तर वर्ग सुटणार, आणि वर्गाबरोबर मंडईही. हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी राजीनामा लिहिला आणि माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं. एकही चूक नव्हती.

कुठल्याच पक्षानं तिकीट दिलं नाही, म्हणून त्या अपक्ष उभ्या राहिल्या. अपक्षांसाठी चिन्हांची यादी असते. नारळ, छत्री, कपबशी असलं काय काय. आपांनी मागितलं शिलाई मशीन, आणि तेच मिळालं.

मला आनंद झाला. सचिवांना घाम फुटला. कारण आमच्या जिन्याच्या तोंडाशी संस्थेची पाटी होती आणि तिच्यावर भलंमोठं शिलाई मशीन रंगवलेलं होतं. कुणीतरी तक्रार केली. निवडणुकीच्या भरारी पथकातले दोघेजण आले, पाटीचा फोटो काढला आणि ती झाकायला सांगितली. सचिवांनी स्वतः स्टुलावर चढून तिच्यावर गोणपाट बांधलं. मग ते दोघे वर आले आणि दारातच थबकले. समोर रांगेनं मशिनंच मशिनं, आणि त्यांवर बसलेल्या बायका.

"हे पण झाकायचं का?" मी विचारलं. खरं सांगते, मी खवचटपणानं विचारलं होतं. पण त्यांतला मोठा साहेब विचारात पडला. त्यानं फोन लावला, बराच वेळ बोलला. शेवटी असं ठरलं की वर्ग चालू ठेवायला हरकत नाही, मात्र रस्त्यावरून मशिनं दिसता कामा नयेत. म्हणून आम्ही पूर्वेच्या खिडक्यांना पडदे शिवले आणि लावले. होता नव्हता तो उजेडही गेला. दिवसा ट्यूब लावून काज-बटणं शिकवायची पाळी आली. आपा असत्या तर या प्रसंगावर त्यांनी काय काय म्हटलं असतं, ते मी मनातल्या मनात रचत बसायची. त्यांच्या जागेवर कुणी नव्हतं. बेतायला शिकवायचं कामही माझ्याकडेच आलं होतं, आणि खरं तर मला ते फारसं जमत नाही.

मग एक दिवस आपा गिऱ्हाईक म्हणून जिना चढून आल्या. त्यांना प्रचारासाठी उपरणी हवी होती. फार नाहीत, थोडीच. मी लगेच म्हणाले की मी घरी शिवून देते, पैशाचं नावही काढू नका. सचिव मागेच उभे होते. ते कळवळून म्हणाले, "बाई, फुकट शिवलीत तर तो प्रचार होईल. बाकीच्यांसारखे पैसे घेऊन शिवलीत तर ते वर्गाचं काम."

आपा त्यांच्याकडे वळल्या. "म्हणजे माझ्याबद्दल ज्याला काही वाटत नाही, त्यानं शिवलेलं चालतं," त्या म्हणाल्या. सचिवांनी पावतीपुस्तक पुढे ओढलं. आपांनी पैसे मोजून दिले, पावती घेतली, आणि दोन दिवसांनी माल न्यायला आल्या तेव्हा एकेक उपरणं उलटून पाहिलं. सगळी मीच शिवली होती, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. "काठ जरा जास्तच दुमडलाय," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "पुढच्या वेळी दुसरीकडे टाका काम." आम्ही दोघी हसलो, पण वर्गातल्या बायकांपैकी कुणी हसलं नाही. त्यांनी पैसे मोजताना पाहिलं होतं. ते मला तेव्हा समजायला हवं होतं.

सचिवांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की निवडणूक होईपर्यंत आपांबरोबर रस्त्यात उभं राहू नका, कुणी फोटो काढला तर अनुदान थांबेल आणि मग या बायकांनी जायचं कुठे. ते म्हणणं मला पटलं. आधी मी आणि आपा संध्याकाळी मंडईतून बरोबर भाजी घेत परतायचो. ते बंद झालं. एकदा त्या समोरून येताना दिसल्या आणि माझ्याआधी त्यांनीच रस्ता ओलांडला. माझी अडचण होऊ नये म्हणून. मला इतकं वाईट वाटलं की मेथीची जुडी दुकानातच विसरून आले.

मतदान जवळ आलं तशा बायका मला विचारू लागल्या. आमच्या वर्गात ही पद्धतच होती. मुलाला कुठल्या शाळेत घालू, दागिना मोडू का, सासरी परत जाऊ का, सगळं बाईंना विचारायचं. रिक्षात बाळंत झालेली ती पोरगीच पहिल्यांदा म्हणाली, "बाई, मत कोणाले द्याचं?" बाकीची मशिनं थांबली. सगळ्यांनी कान टवकारले होते.

माझ्या जिभेवर नाव होतं. दारात सचिव नव्हते, भरारी पथक नव्हतं, पडदे ओढलेले होते. पण मी सही केली होती, आणि सही करताना मला तो नियम मान्य होता. ज्या नियमानं या बायकांना कुणाच्या बसमध्ये कोंबू दिलं नव्हतं, तो मी माझ्या मैत्रिणीसाठी मोडला तर उद्या दुसऱ्या कुणाला कुठल्या तोंडानं अडवायचं? मी म्हणाले, "ते ज्यानं त्यानं ठरवायचं. मी त्यात काही बोलणार नाही." आणि पाठ करून फळ्यावर बाहीचा आकार काढायला लागले. मागे कुजबुज झाली आणि मग मशिनं पुन्हा सुरू झाली. मला वाटलं, मी फार बरोबर वागले.

आपांची पदयात्रा आमच्या गल्लीतून गेली ती दुपारी. पुढे एक ताशा, मागे त्यांच्या नात्यातल्या आणि शेजारच्या बायका, गळ्यात मी शिवलेली उपरणी. दारादारांतून बायका निरांजनाचं ताट घेऊन बाहेर येत होत्या. आमच्याकडे उमेदवार दाराशी आला की औक्षण करतात, मग तो कुणी का असेना. कुंकवाचं बोट पुढे आलं की आपा कपाळ पुढे करत होत्या. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. ताट माझ्या हातात असायला हवं होतं. आमच्या खिडकीखाली आल्यावर त्यांनी वर पाहिलं नाही, मान खाली घालून पुढे गेल्या. तेवढ्यात मी दोनदा पदरानं डोळे पुसले, आणि बायकांनी ते पाहू नये म्हणून ट्यूब खराब झाल्याचं निमित्त करून ती बंद केली.

मी राहायला धनकवडीला, म्हणून माझं स्वतःचं मतही तिकडचंच. तिथे आपा उमेदवार नव्हत्याच, त्यामुळे तेवढंही करता आलं नाही.

आपा हरल्या. फरक मोठा नव्हता. आमच्या वर्गातल्या बायका, त्यांच्या घरचे, त्यांच्या चाळीतले, एवढ्यांनी जरी एकमुखानं मतं दिली असती तरी तो भरून निघाला असता. हे मला मतमोजणीच्या दिवशीच सुचलं होतं, पण मी त्या विचाराला मनात थारा दिला नाही. त्या बायका आपांना सोडून कुणाला मत देतील, असं मला शक्यच वाटत नव्हतं.

त्या एकदा वर्गावर आल्या, स्वतःची मोठी कात्री न्यायला. सचिव खाली मान घालून बसले होते. आपा त्यांना म्हणाल्या, "गोणपाट काढा आता पाटीवरचं. मशीन घाबरवण्यासारखं राहिलं नाही." मग मला म्हणाल्या, "या कात्रजला. साप दाखवते." आणि जिना उतरल्या. त्यांच्या माघारी मी बरेच दिवस चार वाजता चहा घेतला नाही.

कात्रजला मी जायची, दर दोन-तीन महिन्यांनी. त्या नातवंडांचे कपडे शिवत बसलेल्या असायच्या. निवडणुकीचा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी मंडईत ती विदर्भातली पोरगी भेटली. मूल आता शाळेत जायला लागलं होतं. वांगी निवडता निवडता तिनं आपांची चौकशी केली आणि म्हणाली, "तुमचं दोघींचं पुन्हा जुळलं का, बाई?"

मी म्हणाले, "बिनसलं कधी होतं?"

तिनं वांगं खाली ठेवलं. म्हणाली, आम्हाले तर तसंच वाटलं. आपा आल्या तं तुमी पैसे घेतले. रस्त्यात बोलत नव्हत्या. मी विचारलं तं तुमी म्हटलं, काही बोलणार नाही, अन्‌ तोंड फिरवलं. आम्ही म्हटलं, बाईले आपांबद्दल काही माहीत असंल, जे आपल्याले माहीत नाही. बाई उगाच गप्प बसत नाहीत. म्हणून मग आम्ही सगळ्यांनी मिळून दुसरीकडे दिलं.

मी तिला खरं काय ते सांगितलं नाही, वांग्यांचे पैसे देऊन निघाले. तिचा त्यात काय दोष? तिनं माझं ऐकलं होतं. मी जे बोललेच नव्हते, ते तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी मनापासून ऐकलं आणि पाळलं. मी काही बोलायचं नाही, इतकंच नियमात लिहिलं होतं. माझ्या गप्प बसण्याचा या बायका काय अर्थ लावतील, याची काळजी नियम करणाऱ्यांनी कशाला करावी? ती मला करायला हवी होती का, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. नियम मोडायला हवा होता, असंही मी म्हणत नाही. मला फक्त त्याचा राग येतो, आणि तो कुठे काढायचा ते कळत नाही.

आपांना मी हे सांगितलं नाही. कात्रजला गेले की ओठापर्यंत यायचं आणि त्या चहा पुढे करायच्या.

मागच्या वर्षी माझा निरोपसमारंभ झाला. जुन्या-नव्या सगळ्या बायका जमल्या होत्या, मशिनं भिंतीला सरकवून सतरंज्या टाकल्या होत्या. आपांना मी स्वतः जाऊन घेऊन आले. त्या मागे, दाराजवळ बसल्या. सचिवांनी शाल दिली, नारळ दिला, आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी पाठ करून आणलं होतं, संस्थेचे आभार वगैरे. उभी राहिले आणि समोर ती पोरगी दिसली, तिच्यामागे तिच्याच वेळच्या आणखी चौघी-पाचजणी. पाठ केलेलं सगळं गेलं.

मी म्हणाले, "आजपासून मी अनुदानावर नाही. तेव्हा एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगते. मत कुणाला द्यायचं, असं तुम्ही मला विचारलं होतं. आपांना द्या. माझ्या माहितीत त्यांच्याइतकं चांगलं माणूस दुसरं नाही. माझं त्यांच्याशी कधीही बिनसलेलं नव्हतं. आपांना मत द्या."

ती पोरगी माझ्याकडे बघत होती आणि तिला सगळं उमगत चाललं होतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सचिवांचा चेहरा तर असा झाला की जणू भरारी पथक जिन्यातच उभं आहे.

सगळ्यांनी वळून मागे पाहिलं. आपा सावकाश उठल्या. आपण का हरलो, ते त्यांना त्या घडीला कळलं, की त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखू शकले नाही. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी काढूनही नाही. त्यांनी डोळे पुसले, चष्मा नीट केला.

"अहो ताई," त्या म्हणाल्या, "मतदान संपलं. बसा आता."